मोर्चावर गाडी घातली जाते तेव्हा: द्वेषाचा गुन्हा आणि बोलण्याचा हक्क वेगळे कसे ओळखायचे

१२ ऑगस्ट २०१७. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातलं शार्लट्सव्हिल शहर. त्या दिवशी तिथे गोऱ्या वर्चस्ववाद्यांची सभा होती. फोर्थ स्ट्रीटच्या तोंडाशी एक लाकडी घोडी, म्हणजे रस्ता अडवायचा लाकडी अडथळा, आडवी ठेवली होती. एरवी शाळेत नेमणूक असलेली एक पोलीस अधिकारी सकाळी तिथे एकटीच बंदोबस्ताला होती. वातावरण तापलं तेव्हा तिने आपल्याला असुरक्षित वाटत असल्याचं कळवलं. तिला तिथून हलवलं, पण तिच्या जागी दुसरं कुणी आलं नाही. रस्ता अडवायला उरली ती घोडी.

दुपारी पावणेदोनच्या आसपास करड्या रंगाची एक डॉज चॅलेंजर त्या उतारावरून भरधाव खाली आली आणि वर्णद्वेषाविरुद्ध चालत आलेल्या लोकांमध्ये घुसली. हीदर हायर ही ३२ वर्षांची तरुणी मेली, तीसहून अधिक जण जखमी झाले. घोडीची ही हकिगत नंतर शहराने नेमलेल्या चौकशीच्या अहवालात आली. ती वाचल्यापासून ती घोडी माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

अशा घटनेनंतर लोकांची चर्चा थेट भाषणस्वातंत्र्यावर जाते. एक जण म्हणतो, यांना बोलू दिलं म्हणून हे झालं. दुसरा म्हणतो, ज्याच्या त्याच्या मताला हात लावू नका. दोघेही चुकीच्या टोकापासून सुरुवात करतात. अमेरिकेत राहणाऱ्या, मोर्चाला जाणाऱ्या किंवा नुसत्या बातम्या वाचून गोंधळणाऱ्यांसाठी इथे मी एक क्रम मांडतो आहे. आधी गाडीने काय केलं ते बघा, मग ते कुणावर आणि का केलं ते, आणि शब्दांकडे सगळ्यात शेवटी वळा. अमेरिकेतली न्यायालयं साधारण याच क्रमाने जातात, आणि का ते पुढे कळेल.

पायरी १: चालकाचा पक्ष आणि झेंडा बाजूला ठेवून गाडीची हालचाल तपासा

गाडी हे रोजच्या वापरातलं यंत्र आहे, म्हणूनच हे प्रकार अवघड होतात. बंदूक रोखली की हेतू दिसतो. गाडीच्या बाबतीत मात्र ब्रेक निकामी झाला, घाबरून पाय चुकीच्या पेडलवर पडला, लोकांनी घेरलं म्हणून पळ काढला, असं काहीही म्हणता येतं. यातलं प्रत्येक कारण कधीतरी खरंही असतं. म्हणून चित्रण बघताना हे प्रश्न विचारा. धडकेआधी गाडी थांबली होती का? मागे घेतली होती का? त्या क्षणी गाडीजवळ कुणी होतं का? ब्रेकचे दिवे लागले का? निघून जायला दुसरी वाट मोकळी होती का? आणि धडकेनंतर चालक थांबला की पळाला?

शार्लट्सव्हिलच्या खटल्यात बचाव पक्षाने स्वसंरक्षणाचा मुद्दा मांडला. गाडी चालवणारा जेम्स फील्ड्स हा ओहायोहून आलेला २० वर्षांचा मुलगा घाबरला होता, असं त्यांचं म्हणणं. पण पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधलं आणि रस्त्यालगतच्या एका उपाहारगृहाच्या कॅमेऱ्यातलं चित्रण ज्युरीसमोर आलं. गाडी उतारावर थांबली, सावकाश मागे चढावर गेली, आणि मग वेग घेऊन सरळ गर्दीत शिरली. धडकेनंतर ती तशीच उलटी वेगाने निघाली. मागे घेतलेली ती गाडी मला या सगळ्या खटल्यातली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते. घाबरून पळणाऱ्याची गाडी मागे निघाली असेल, तर ती मागेच जात राहते. डिसेंबर २०१८ मध्ये ज्युरीने पूर्वनियोजित खुनाचा आरोप मान्य केला.

आजच्या बहुतेक गाड्यांत धडकेआधीच्या काही सेकंदांचा वेग, ॲक्सिलरेटर आणि ब्रेक यांची नोंद आपोआप साठते. तपासात ती काढता येते. त्यामुळे पहिल्या दिवशीचं तीस सेकंदांचं एकच चित्रण पाहून ‘अपघात’ किंवा ‘हल्ला’ असा शिक्का मारू नका. त्याच रस्त्याचं दुसऱ्या कोनातलं चित्रण येईपर्यंत थांबा.

पायरी २: मग ‘का’ विचारा, आणि ते कारण कायद्यात बसतं का ते बघा

मनात द्वेष असणं हा अमेरिकेत गुन्हा नाही. मूळ कृत्य गुन्हा असलंच पाहिजे, आणि ते बळीच्या वंश, वर्ण, धर्म, राष्ट्रीय मूळ, लैंगिक कल, लिंग, लैंगिक ओळख किंवा अपंगत्व यांपैकी कशामुळे केलं हे सिद्ध व्हावं लागतं. फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या पातळीवरचा मुख्य कायदा २००९ चा. त्याला मॅथ्यू शेपर्ड (१९९८ मध्ये खून झालेला समलैंगिक तरुण) आणि जेम्स बर्ड यांची नावं दिली आहेत. जेम्स बर्ड या कृष्णवर्णीय माणसाला जून १९९८ मध्ये टेक्सासच्या जॅस्पर गावात तीन गोऱ्या माणसांनी पिकअप ट्रकच्या मागे साखळीने बांधून जवळपास तीन मैल फरफटत नेऊन मारलं. म्हणजे या कायद्याच्या नावातच गाडीने केलेला एक खून आहे. या कायद्याखाली जास्तीत जास्त १० वर्षं कैद होते. मृत्यू झाला किंवा जीव घेण्याचा प्रयत्न असला, तर जन्मठेपेपर्यंत.

इथे एक घोळ नेहमी होतो. हीदर हायर गोरी होती, मग हा वंशद्वेषाचा गुन्हा कसा? कायदा बघतो ते मारणाऱ्याचं कारण. समोरच्या मिश्र जमावातल्या लोकांचा खरा किंवा त्याने धरून चाललेला वंश, वर्ण, धर्म, राष्ट्रीय मूळ यांमुळे फील्ड्सने गाडी घातली, असं फेडरल आरोपपत्राचं म्हणणं होतं. त्याने मार्च २०१९ मध्ये २९ आरोप कबूल केले. बदल्यात सरकारी पक्षाने मृत्युदंड मागणार नसल्याचं मान्य केलं. जूनमध्ये त्याला फेडरल न्यायालयात जन्मठेप झाली. जुलैमध्ये राज्याच्या न्यायालयाने जन्मठेप अधिक ४१९ वर्षं दिली.

‘मग दहशतवादाचा गुन्हा का नाही लावला?’ असं बरेच जण रागाने विचारतात. देशांतर्गत दहशतवादाची व्याख्या फेडरल कायद्यात आहे, पण त्या नावाचा, स्वतंत्र शिक्षा असलेला गुन्हा नाही. म्हणून सरकारी वकील खून, द्वेषाचा गुन्हा, शस्त्रविषयक गुन्हा अशा वाटांनी जातात. आरोपाचं नाव सौम्य वाटलं म्हणजे शिक्षाही सौम्य होते, असं समजू नका.

दुसरं उदाहरण अहमद आर्बरीचं. फेब्रुवारी २०२० मध्ये जॉर्जिया राज्यात ब्रन्सविकजवळच्या वस्तीत धावायला गेलेल्या या २५ वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाचा तिघांनी दोन पिकअप ट्रकमधून पाठलाग केला, वाट अडवली, आणि शेवटी एकाने गोळी घातली. राज्याच्या खटल्यात सरकारी पक्षाने वंशद्वेषावर फारसा भर दिला नाही. पाठलाग, अडवणूक आणि गोळी एवढ्यावर नोव्हेंबर २०२१ मध्ये खुनाचा निकाल आला. फेब्रुवारी २०२२ च्या फेडरल खटल्यात मात्र ‘का’ हाच प्रश्न होता. तेव्हा आरोपींचे जुने संदेश, पोस्टी, शेरे बाहेर आले. एकाच घटनेचे दोन खटले, आणि शब्दांना प्रत्येकात वेगळी जागा. हे दोन खटले शेजारी ठेवून वाचले, तर माझा क्रम आपोआप समजेल.

पायरी ३: आता शब्दांकडे या, आणि त्यांना चार चाळण्या लावा

अमेरिकेत ‘द्वेषपूर्ण भाषण’ नावाचा गुन्हा नाही. शार्लट्सव्हिलच्या दोनच महिने आधी, जून २०१७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने मटाल विरुद्ध टॅम खटल्यात हे पुन्हा स्पष्ट केलं. कॅनडा आणि युरोपातल्या अनेक देशांनी वेगळी वाट धरली आहे. तिथे एखाद्या समूहाविरुद्ध द्वेष भडकवणं हाच गुन्हा होऊ शकतो. अमेरिकेत तसं नाही, पण म्हणून सगळंच चालतं असंही नाही. ऐकलेलं किंवा वाचलेलं वाक्य पुढच्या प्रश्नांतून गाळून बघा.

चिथावणी आहे का? १९६९ च्या ब्रँडेनबर्ग विरुद्ध ओहायो खटल्यात कू क्लक्स क्लान या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेच्या एका पुढाऱ्याची शिक्षा रद्द झाली. तेव्हा ठरलेली कसोटी आजही लागू आहे. बोलणं ताबडतोब घडणाऱ्या बेकायदा कृत्याकडे वळवलेलं हवं, आणि ते कृत्य घडण्याची खरोखर शक्यता हवी. ‘रस्ता अडवणाऱ्यांवर गाड्या घातल्या पाहिजेत’ असं घरी बसून कुणी लिहिलं, तर ते किळसवाणं आहे, पण बहुधा या कसोटीत बसणार नाही. तेच वाक्य कुणी मोर्चासमोर इंजिन सुरू ठेवून बसलेल्या चालकाला ‘चल, घाल आता’ असं ओरडून सांगितलं, तर चित्र पालटतं. काळ, जागा आणि ऐकणारा, या तिन्हींवर सगळं ठरतं.

धमकी आहे का? विशिष्ट माणसाला किंवा गटाला इजा करण्याची खरी धमकी संरक्षित नाही. २००३ च्या व्हर्जिनिया विरुद्ध ब्लॅक खटल्यात न्यायालयाने म्हटलं, की भीती घालण्याच्या हेतूने क्रॉस जाळण्यावर (कृष्णवर्णीयांना धमकावायची ही क्लानची जुनी रीत) बंदी घालता येते. मात्र क्रॉस जाळला म्हणजे हेतू सिद्धच झाला, असं धरता येत नाही. २०२३ मध्ये काउंटरमन विरुद्ध कोलोरॅडो निकालाने आणखी एक अट घातली. आपलं बोलणं धमकी म्हणून घेतलं जाईल हा धोका माहीत असूनही बोलणाऱ्याने त्याची पर्वा केली नाही, निदान एवढं तरी दाखवावं लागतं.

कट आहे का? ‘कुठल्या रस्त्याने जायचं, कोण पुढे राहणार, कुणाला गाठायचं’ अशी ठरवाठरवी म्हणजे मत मांडणं नव्हे.

आणि चौथी चाळणी, जी सर्वांत कमी लोकांना ठाऊक असते: हे शब्द स्वतः गुन्हा नसले, तरी गुन्ह्याचा पुरावा आहेत का? मे २०१७ मध्ये, हल्ल्याच्या तीन महिने आधी, फील्ड्सने इन्स्टाग्रामवर निदर्शकांच्या गर्दीत घुसणाऱ्या गाडीचं चित्र टाकलं होतं. त्यावरचा मजकूर असा होता की, तुम्हाला निदर्शनांचा हक्क आहे, पण मला कामाला उशीर होतोय. त्या दिवशी त्या चित्राबद्दल त्याला कुणी अटक करू शकलं नसतं, आणि माझ्या मते करायलाही नको होती. पण गाडी खरंच गर्दीत शिरल्यावर तेच चित्र ज्युरीसमोर गेलं, कारण आता प्रश्न होता की हे त्याच्या डोक्यात आधीपासून होतं का. निघण्यापूर्वी आईने जपून राहायला सांगितलं, तेव्हा त्याने हिटलरचं चित्र पाठवून, जपायची गरज आपल्याला नाही, अशा अर्थाचं उत्तर दिलं होतं. तेही ज्युरीने पाहिलं.

याला आधार १९९३ च्या विस्कॉन्सिन विरुद्ध मिचेल निकालाचा. त्या प्रकरणात आरोपी कृष्णवर्णीय होता आणि मार खाल्लेला मुलगा गोरा. कायदा सर्वांना सारखाच लागू होतो हे त्यातून दिसतं. न्यायालयाने एकमताने सांगितलं, की बळी वंशावरून निवडला म्हणून शिक्षा वाढवता येते आणि हेतू दाखवायला आरोपीचे शब्द वापरता येतात. त्याच्या आदल्याच वर्षी न्यायालयाने दोन लगामही घातले होते. सेंट पॉल शहराच्या प्रकरणात ठराविक विषयांवरच्या द्वेषालाच गुन्हा ठरवणारा नियम रद्द झाला. डॉसन विरुद्ध डेलावेअरमध्ये तर आरोपी गोऱ्या वर्चस्ववादी टोळीचा सदस्य होता ही माहितीच शिक्षेच्या सुनावणीत चुकीने दिली असं ठरलं, कारण त्या खुनाशी तिचा काही संबंध नव्हता. म्हणजे शब्द आणि कृत्य यांना जोडणारा धागा दाखवावा लागतो. माणूस वाईट विचारांचा आहे एवढं पुरत नाही. शिवाय २००० च्या अप्रेंडी निकालानंतर शिक्षेची कमाल मर्यादा वाढवणारा असा हेतू ज्युरीसमोर, वाजवी शंकेपलीकडे सिद्ध व्हावा लागतो.

पायरी ४: ‘परवानगीच का दिली?’ हा प्रश्न योग्य ठिकाणी विचारा

शहराने ती सभा मध्यवर्ती बागेतून मोठ्या मैदानावर हलवायचा प्रयत्न केला होता. आयोजक फेडरल न्यायालयात गेला, नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एसीएलयूच्या व्हर्जिनिया शाखेने त्याची बाजू मांडली, आणि ११ ऑगस्टला न्यायाधीशांनी शहराला सभा हलवायला मनाई करणारा हुकूम दिला. त्यावरून संस्थेवर खूप टीका झाली. मला तो हुकूम पटतो. मत आवडत नाही म्हणून जागा बदलण्याचा अधिकार एकदा सरकारला दिला, की तो उद्या आपल्याही मोर्चावर चालतो. १९९२ च्या फोर्साइथ काउंटी निकालाप्रमाणे विरोधक चिडतील म्हणून बंदोबस्ताचं शुल्कही वाढवता येत नाही.

पण वेळ, जागा, पद्धत यांवर सर्वांना सारखे, विषय न बघता लावलेले नियम चालतात. दोन्ही गट वेगळे ठेवणं, काठ्या-ढालींना बंदी, रस्ते बंद करणं, हे सगळं शहराच्या हातात असतं. म्हणून नगर परिषदेत जाऊन विचारायचं ते हे: आडव्या रस्त्यांवर काय उभं करणार? जड ट्रक, वाळूने भरलेल्या गाड्या, काँक्रीटचे ठोकळे? तिथे माणूस कोण, आणि तो हलला तर बदली कोण? लेखी उत्तर मागा. भाषणावर तासभर भांडण्यापेक्षा या चार ओळी जास्त जीव वाचवतील असं मला मनापासून वाटतं.

पायरी ५: मोर्चाला जाताना

चढ-उताराच्या अरुंद गल्लीत मधोमध अडकू नका. शार्लट्सव्हिलला लोक तशाच गल्लीत वळले होते. उभ्या गाड्या, खांब, पायऱ्या, दुकानांचे दरवाजे कुठे आहेत ते चालताना बघत राहा. आयोजक असाल तर पुढे जेवढे स्वयंसेवक तेवढेच मागे ठेवा, आणि त्यांनी पाठ गर्दीकडे करून रस्त्याकडे बघावं. ‘गाडी’ असा एकच शब्द इशारा म्हणून आधी ठरवा. गाडी आलीच तर तिच्यापुढे सरळ धावू नका, बाजूला सरका, आणि काहीतरी भक्कम मध्ये घ्या.

थांबलेल्या गाडीला घेराव घालू नका, बॉनेटवर हात आपटू नका. तुमचा संताप रास्त असेल, पण त्याच चित्रणावर उद्या स्वसंरक्षणाचा बचाव उभा राहतो. २०२१ मध्ये ओक्लाहोमाने असा कायदा केला, की दंगलीतून रास्त भीतीने पळताना चालकाकडून नकळत कुणी जखमी झालं किंवा मेलं, तर त्याच्यावर फौजदारी किंवा दिवाणी जबाबदारी येत नाही. फ्लोरिडाने त्याच वर्षी, जखमी माणूस दंगलीत सामील असेल तर, दिवाणी दाव्यात बचावाची सोय केली. हे कायदे मला धोकादायक वाटतात. तरीही त्यातला ‘नकळत’ हा शब्द लक्षात ठेवा. मुद्दाम गाडी घालणाऱ्याला ओक्लाहोमातही माफी नाही. आपल्या राज्यात काय आहे ते निघण्यापूर्वी बघून ठेवा.

पायरी ६: घडून गेल्यावर

आधी ९११ या आणीबाणीच्या नंबरला फोन, आधी जखमी. गाडीच्या मागे धावू नका. नंबर, रंग आणि दिशा मोठ्याने बोलून स्वतःच्या फोनवर रेकॉर्ड करा, कारण घाबरलेल्या डोक्यात आकडे टिकत नाहीत.

चालकाने काही म्हटलं असेल, तर तेच शब्द लिहून ठेवा, शिवीसकट. ‘तो वंशद्वेषी बोलला’ हा तुमचा निष्कर्ष झाला. नेमकं वाक्य, ते धडकेच्या किती आधी किंवा नंतर, आणि कुणाकडे बघून, हा पुरावा. लाजून किंवा सभ्यपणे शब्द बदलू नका. मूळ चित्रण कापू नका, त्यावर मजकूर चढवू नका, मूळ फाइल जपून तिची प्रत पोलिसांना द्या. रागाच्या भरात चालकाला ऑनलाइन धमक्या देऊ नका. पायरी ३ मधली दुसरी चाळणी तुम्हालाही लागते.

फिर्याद देताना द्वेषाचा संशय स्पष्ट बोला आणि तो अहवालात लिहिला गेला का ते वाचून बघा. स्थानिक पोलिसांनी टाळलं तर एफबीआयच्या जवळच्या कार्यालयात तक्रार देता येते. द्वेषाच्या गुन्ह्यांची आकडेवारी १९९० च्या कायद्यानुसार गोळा होते, पण स्थानिक पोलिसांनी ती एफबीआयला कळवणं ऐच्छिक आहे. त्यामुळे न लिहिलेला संशय कुठेच मोजला जात नाही. औषधोपचार आणि बुडालेल्या पगारासाठी प्रत्येक राज्यात गुन्ह्याच्या बळींसाठी भरपाई योजना असते. मुदत असते, बिलं सांभाळा. कागदपत्रांचा प्रश्न असलेल्या स्थलांतरितांनी गप्प बसू नये. गंभीर मारहाणीसारख्या गुन्ह्यांच्या तपासात मदत करणाऱ्या बळींसाठी यू व्हिसाची तरतूद आहे. पोलिसांचं प्रमाणपत्र लागतं आणि रांग फार लांब आहे, म्हणून इमिग्रेशनच्या वकिलाशी लवकर बोला.

पायरी ७: फौजदारी निकालानंतरही फाइल बंद करू नका

गाडी एकाने चालवली, पण सभा अनेकांनी आखली होती. शार्लट्सव्हिलच्या जखमींनी आयोजकांवर दिवाणी दावा लावला, आणि तिथे आधीच्या चॅटमधली ठरवाठरवी महिनाभर वाचली गेली. नोव्हेंबर २०२१ मध्ये ज्युरीने अडीच कोटी डॉलरहून जास्त भरपाई ठरवली, व्हर्जिनियाच्या कायद्याखालच्या कटाच्या आणि इतर दाव्यांच्या आधारावर. १८७१ च्या कू क्लक्स क्लानविरोधी फेडरल कायद्याखालच्या आरोपांवर ज्युरीचं एकमत झालं नाही. व्हर्जिनियात दंडात्मक भरपाईला साडेतीन लाख डॉलरची मर्यादा असल्यामुळे रक्कम पुढे बरीच घटली, आणि २०२४ मध्ये अपील न्यायालयाने ही मर्यादा प्रत्येक दावेदाराला स्वतंत्र धरायची असं सांगितल्यावर पुन्हा वाढली.

फिर्यादी असाल तर दिवाणी दाव्याची मुदत फौजदारी खटल्याची वाट बघत थांबेल असं गृहीत धरू नका. हॉस्पिटलमधून घरी आल्यावर पहिल्याच महिन्यात वकिलाला ती तारीख विचारा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.